गुणांचा काटा आणि बर्फावरची मुले

फिगर स्केटिंगची स्पर्धा पाहताना आपले लक्ष खरोखर कोठे असते? बर्फावरची चार मिनिटांची कसरत संपते न संपते तोच आपली नजर गुणफलकाकडे वळते. धापा टाकीत गुणांची वाट पाहणाऱ्या खेळाडूवर कॅमेरा रोखलेला असतो. त्या बाकाला या खेळात ‘किस अँड क्राय’, म्हणजे चुंबनांचा आणि रडण्याचा कोपरा, असेच नाव पडले आहे.

पूर्वी परीक्षक 6 पैकी गुण देत. 1984 साली साराजेव्होला टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीला कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी पूर्ण 6 गुण दिले. परंतु 2002 साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये एका परीक्षकावर दडपण आल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि जोड्यांच्या स्पर्धेत दोन सुवर्णपदके द्यावी लागली. तेव्हा न्याय व्हावा म्हणून 2004 साली नवी पद्धत स्वीकारण्यात आली. तीत प्रत्येक उडीचे मोल आधीच ठरलेले असते. ती कशी साधली यावरून त्यात भर पडते किंवा घट होते.

हेतू चांगलाच होता. पण हवेत चार गिरक्या घेणाऱ्या उडीचे मोल मोठे, आणि हलक्या, अपुऱ्या वाढीच्या शरीराला गिरकी सोपी जाते. त्यामुळे ओझे कोवळ्या मुलींवर पडले. 2022 साली बीजिंगला उत्तेजक द्रव्याच्या वादात सापडलेली पंधरा वर्षांची कामिला वालियेव्हा पुन्हा पुन्हा पडली. पाच चौगिरकी उड्या घेऊन दुसरी आलेली अलेक्सांद्रा त्रुसोव्हा रडत होती. आणि सुवर्णपदक जिंकलेली आन्ना श्चेर्बाकोव्हा एकटीच बसली होती. जिंकणारी आणि हरणारी, दोघींच्याही वाट्याला आनंद आला नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघाने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचे ठरविले.

नियम बदलला, हे बरे झाले. पण पाहणाऱ्यांचे काय? अमेरिकेची अलिसा लिऊ 2022 साली, सोळाव्या वर्षी, खेळ सोडून गेली. दोन वर्षांनी ती स्वतःच्या इच्छेने परतली आणि 2025 साली बॉस्टनला जगज्जेती झाली. तिच्या या परतण्याला कोणत्याही तक्त्यात गुण नाहीत. मोजमाप हवेच; पण मुलाने बर्फावरून बाहेर पाऊल टाकताच ‘किती गुण?’ हा प्रश्न पहिला का असावा, याचे उत्तर परीक्षकांनी नव्हे, आपणच द्यायचे आहे.