डाग मातीला पडतो तेव्हा...

बालमित्रांनो, शर्टावर शाईचा डाग पडला की आई रागावते. डाग पडतो क्षणात, पण निघता निघत नाही! असाच डाग जमिनीला पडला तर? जमीन कशी धुणार?

व्हिएतनाममधल्या दा नांग शहरापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

1962 ते 1971 या काळात, युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या विमानांनी दक्षिण व्हिएतनामची जंगलं आणि शेतं यांच्यावर तणनाशकं फवारली. पानं गळाली की शत्रूला लपायला जागा उरणार नाही, असा बेत होता. एका विमानाची टाकी जेमतेम चार मिनिटांत रिकामी व्हायची. अशी सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली गेली! त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं म्हणजे ‘एजंट ऑरेंज’. त्याचा रंग नारिंगी नव्हता बरं का! पिंपांवर नारिंगी पट्टा असे, म्हणून ते नाव पडलं.

तणनाशक काही महिन्यांत विरून गेलं. पण ते तयार करताना त्यात एक नको असलेलं विष आपोआप मिसळलं होतं. त्याचं नाव डायॉक्सिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला घट्ट चिकटून बसतं आणि खोल मातीत कित्येक दशकं टिकतं. त्यामुळे कर्करोगही होऊ शकतो.

दा नांगच्या विमानतळावर ही पिंपं साठवलेली असत. विमानात भरताना तणनाशक सांडे. पावसाबरोबर ती माती जवळच्या तळ्यात गेली, तळ्यातून माशांत आणि माशांतून माणसांच्या पोटात! युद्ध 1975 मध्ये संपलं, तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुलं हे मासे खात होती. शेवटी तिथली मासेमारी बंद करावी लागली.

मग उपाय काय? माती चक्क भाजायची! 2012 मध्ये व्हिएतनाम आणि अमेरिका यांनी मिळून हे काम सुरू केलं. फुटबॉलच्या मैदानाएवढी, दुमजली घराहून उंच पेटी बांधली. तळ्यातला गाळ आणि विमानतळाची माती खणून तिच्यात भरली. बादलीत पाणी तापवायला आपण हीटरचा रॉड सोडतो ना? तसे हजाराहून जास्त रॉड मातीत उभे रोवले. पाणी 100 अंशांना उकळतं. ही माती कित्येक महिने तापवून 335 अंशांपर्यंत नेली! एवढ्या उष्णतेत डायॉक्सिनचे रेणू फुटतात. जी वाफ निघाली, ती खेचून घेऊन गाळून साफ केली.

दोन खेपांत मिळून सुमारे 90,000 घनमीटर माती स्वच्छ झाली. काम संपायला 2018 साल उजाडलं. आणि हा एकच विमानतळ! बिएन होआ इथल्या विमानतळावर तर सुमारे पाच लाख घनमीटर माती आणि गाळ साफ करायचा, असा अंदाज निघाला. ते काम 2019 मध्ये सुरू झालं.

गणित करून पाहा, मित्रांनो. टाकी रिकामी करायला चार मिनिटं, एक विमानतळ साफ करायला सहा वर्षं! म्हणून मातीवर काहीही ओतण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. हे परत काढायचं कसं?