काळ्या कातळातला पिवळा दिवा

नाशिकच्या बाजूच्या दगडखाणींवर भटकण्याचा मला जुना नाद. सुरुंग उडून धूळ खाली बसली, की फुटलेल्या काळ्या दगडांत मधूनमधून पोकळ्या उघड्या पडतात आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक लखलखताना दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या स्फटिकांनी सजवल्या. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट ही त्यातली नेहमीची मंडळी.

अशाच एका खाणीवर दगड फोडणाऱ्या मामांनी एकदा हाक मारली. "सायेब, हे तुमच्या कामाचं हाय का बगा." पांढऱ्या स्टिल्बाइटवर मधाच्या रंगाचे दोन टोकदार दाणे होते. त्यातला एक हात लागताच सुटून आला. मी मोठ्या जाणकारीने म्हणालो, "कॅल्साइट दिसतंय." मामांना चहा पाजला आणि दगड पिशवीत टाकला.

घरी आल्यावर सुटा दाणा इतर तुकड्यांबरोबर सौम्य आम्लात धुवायला ठेवला. कॅल्साइट आम्लात टाकले की फसफसते. हा दाणा गप्प होता. शिवाय आकाराच्या मानाने तो जड लागला होता. दोन्ही खुणा समोर होत्या, पण मी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याची चकाकी गेलेली, कडा झिजलेल्या!

मग मात्र दुसऱ्या दाण्याची काळजी वाटू लागली. एका मित्राकडे अतिनील किरणांचा दिवा होता. रात्री खिडक्या लावून, घरातले दिवे मालवून तो लावला. स्टिल्बाइट अंधारातच राहिले आणि तो एकटा दाणा हळदीच्या दुधासारखा पिवळा उजळला. ते पॉवेलाइट होते.

कॅल्शियम, मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन यांचे हे दुर्मीळ खनिज. 1891 साली अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन झाले आणि जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाचे नाव त्याला मिळाले. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा माणूस 1869 मध्ये होडीतून कोलोरॅडो नदीच्या घळीतून गेला होता. पण संग्राहक मोठ्या, सुबक पॉवेलाइटसाठी नाव घेतात ते आपल्या नाशिक परिसराचे!

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पॉवेलाइट ते शोषून घेते आणि दिसणाऱ्या पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने परत देते. याला अनुस्फुरण म्हणतात. त्यासाठी 254 नॅनोमीटरचा, लघुतरंगाचा दिवा लागतो. साधी काच हे किरण अडवते, म्हणून कपाटाच्या काचेतून दिवा दाखवून काही दिसणार नाही. आणि म्हणूनच दिवा वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा. मात्र नुसत्या उजेडावर निकाल देऊ नये, कारण काही कॅल्साइटही चमकते. वजन, स्फटिकाचा आकार आणि उजेड, तिन्ही खुणा जुळायला हव्यात. आम्लाच्या वाटेला तर जाऊच नये.

पुढच्या खेपेला बॅटरीवरचा दिवा आणि तो दगड घेऊन मी मामांच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो. अंधारात दाणा उजळला तशी त्यांची नात टाळ्या पिटू लागली. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आसले किती मशिनीत गेले आसतील वो!"

खडी ब्रासच्या मापाने विकली जाते. त्यात काय भरडले गेले हे कोण मोजतो? मामांचा दोष नव्हता. त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. मला तर माहीत असायला हवे होते.

त्या दाण्याचे योग्य पैसे मी मामांना दिले. ते नको नको म्हणत होते. आता त्यांच्या खोलीत एक डबा असतो. वेगळे काही दिसले, की खाणमालकाला विचारून ते त्यात ठेवतात. बहुतेक वेळा कॅल्साइटच निघते. तरी मी जातो, आणि दिवा लावायच्या आधी नात दार लावून घेते.