बेल : पान आणि फळ

एप्रिल महिना सरत आला की दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या शहरांत उन्हाची तीव्रता वाढू लागते. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून कोरडे, तप्त वारे वाहतात. त्यांना तेथे ‘लू’ म्हणतात. तापमान कधीकधी ४५ अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. याच दिवसांत रस्त्यांच्या कडेला, बसथांब्यांजवळ आणि बाजारपेठांच्या तोंडाशी काही हातगाड्या उभ्या राहतात. गाडीवर पिवळसर हिरव्या, गुळगुळीत, नारळाएवढ्या फळांची रास रचलेली असते. विक्रेता फळ ठोकून फोडतो, आतील केशरी गर पाण्यात कुस्करतो, गाळतो आणि पेला भरून देतो. रिक्षाचालक, हमाल, कचेरीत जाणारे कर्मचारी, विद्यार्थी असे सर्वच ते पेय पितात. हे बेलफळाचे सरबत होय.

महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या माणसाला हे दृश्य नवलाचे वाटते. बेलाचे झाड त्याला अपरिचित नसते. तीन दलांचे बेलपान मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचे आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला ते शंकराच्या पिंडीवर वाहिले जाते. बेलाची पाने आणि भंडारा हाती घेऊन शपथ घेण्याची रीत महाराष्ट्रात होती. ‘बेलभंडार उचलणे’ हा शब्दप्रयोग त्या रीतीतूनच आला आहे. असे असूनही बेलाचे फळ मात्र अनेक मराठी घरांत येत नाही. एकाच झाडाचे पान एका प्रदेशात प्रिय झाले आणि फळ दुसऱ्या प्रदेशात.

बेलाविषयी बोलताना कवठाचा उल्लेख करणे आवश्यक ठरते, कारण या दोन फळांत पुष्कळदा गल्लत होते. दोन्ही फळे गोल असून दोहोंचे कवच लाकडासारखे कठीण असते. परंतु कवठाचे कवच खरबरीत व राखाडी पांढरे, तर बेलाचे गुळगुळीत असते. पिकलेल्या कवठाचा गर तपकिरी व आंबट असतो. गूळ घालून त्याची चटणी करतात. पिकलेल्या बेलाचा गर केशरी, गोड आणि सुगंधी असतो. पानांतही फरक आहे. बेलाला सामान्यतः तीन दले असतात, तर कवठाच्या पानाला पाच ते सात लहान पर्णिका असतात. हिंदीत कवठाला ‘कैथ’ किंवा ‘कैथा’ म्हणतात.

बेल आणि कवठ ही दोन्ही झाडे लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्याच कुळातील आहेत. लाकडासारख्या कवचाचे हे फळ लिंबाचे नातेवाईक असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. तथापि या नात्याच्या खुणा झाडावरच सापडतात. बेलाचे पान उजेडासमोर धरले असता त्यात सूक्ष्म पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. लिंबाच्या पानातही त्या असतात. म्हणूनच ही पाने चुरगळल्यावर वास येतो. दोन्ही झाडांच्या फांद्यांवर काटे असतात. बेलफळ आडवे कापले तर मध्यभागाभोवती ८ ते २० कप्पे दिसतात. ते संत्र्याच्या फोडींची आठवण करून देतात. आणखी एक साक्ष कीटकांची आहे. लिंबाच्या झाडावर अंडी घालणारे लिंबू फुलपाखरू बेलावरही अंडी घालते आणि त्याच्या अळ्या दोन्ही झाडांची पाने आवडीने खातात.

बेलाच्या नावांचा इतिहासही मनोरंजक आहे. संस्कृतात त्याला ‘बिल्व’ म्हणतात. ‘श्रीफल’ हे त्याचे दुसरे नाव ‘अमरकोशा’त आढळते. मराठीत मात्र ‘श्रीफळ’ म्हणजे नारळ, असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने या फळाला ‘बंगालचे मार्मेलो’ म्हटले आणि आमांशावरील त्याच्या उपयोगाची नोंद केली. मार्मेलो हे युरोपातील एक सुगंधी फळ असून त्याचा मुरंबा करतात. ‘मार्मलेड’ हा शब्द त्यावरूनच आला. पुढे १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने बेलाचे शास्त्रीय वर्णन करताना ‘मार्मेलोस’ हा शब्द स्वीकारला. आज या झाडाचे शास्त्रीय नाव ‘एगली मार्मेलोस’ असे आहे. एगली ही ग्रीक पुराणकथांतील सोनेरी फळांची राखण करणारी एक अप्सरा होय.

बेलाचे मूळस्थान भारतीय उपखंड आणि त्यालगतचा प्रदेश मानला जातो. नेपाळमधील नेवार समाजात लहान मुलींचा बेलफळाशी प्रतीकात्मक विवाह लावण्याची प्रथा आहे. थायलंडमध्ये बेलाच्या वाळवलेल्या चकत्या उकळून चहासारखे पेय करतात. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या आरंभी बेलवृक्षाला मान असतो.

बेलफळाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ६१ ग्रॅम पाणी आणि सुमारे ३२ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे हे फळ ताबडतोब शक्ती देते. उन्हात श्रम करणाऱ्याच्या शरीरातील पाणी आणि क्षार घामावाटे कमी होतात. काळे मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेले बेलाचे सरबत अशा वेळी हितकारक असते. ते घरी करणेही अवघड नाही. पिकलेल्या फळाचा गर काढून स्वच्छ पाण्यात काही वेळ भिजवावा व हाताने हलकेच कुस्करावा. बिया ठेचू नयेत, कारण त्यांच्याभोवतीच्या चिकट पदार्थामुळे सरबताची चव बिघडते. नंतर ते गाळून घ्यावे. फळ चांगले पिकलेले असल्यास साखर किंवा गूळ फारसा लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र फळातील साखरेचे प्रमाण ध्यानात ठेवावे. रस्त्यावरचे सरबत घेताना पाणी व बर्फ स्वच्छ आहेत ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

आयुर्वेदात बेलाला मोठे स्थान आहे. कोवळे फळ तुरट असल्याने ते अतिसारावर वापरतात, तर पिकलेले फळ सारक मानले जाते. जुन्या दिल्लीतील खारी बावलीच्या बाजारात कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या चकत्या ‘बेलगिरी’ या नावाने विकल्या जातात. असे असले तरी जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त पडत असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. जलसंजीवनी द्यावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

बेलाचे झाड काटक आहे. खडकाळ, हलक्या किंवा क्षारयुक्त जमिनीतही ते तग धरते आणि कमी पाण्यावर वाढते. बी पेरून वाढवलेल्या झाडाला फळ येण्यास ७-८ वर्षे लागतात. कलमी झाड ४-५ वर्षांत फळू लागते. उत्तर प्रदेशातील नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने ‘नरेंद्र बेल’ या नावाच्या, तर पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने ‘पंत अपर्णा’, ‘पंत शिवानी’ अशा जाती विकसित केल्या. गुजरातमधील संशोधन केंद्राने तयार केलेली ‘गोमा यशी’ ही ठेंगणी जात कोरडवाहू शेतीस उपयुक्त ठरली आहे. फळांपासून मुरंबा, सरबताचा अर्क व पूड तयार करता येते. पडीक जमीन असलेल्या शेतकऱ्याला किंवा गावातील बचत गटाला त्यातून उत्पन्नाचे साधन मिळू शकते. विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करून घेणे आवश्यक असते.

परंतु फळ हवे असेल तर झाडाच्या वार्षिक क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. बेलाला मे-जूनच्या सुमारास हिरवट पांढरी, सुवासिक फुले येतात. त्या फुलांचे फळ पिकण्यास १० ते ११ महिने लागतात. म्हणजे या वर्षीच्या फुलांचे फळ पुढील उन्हाळ्यात हाती येते. श्रावणात झाडावर नुकतीच धरलेली हिरवी फळे वाढत असतात. नेमक्या याच महिन्यात पानांना सर्वाधिक मागणी असते. पाने एकेक करून खुडली तर झाडाची फारशी हानी होत नाही. पण वेळ वाचवण्यासाठी अनेकदा पूर्ण फांद्याच तोडल्या जातात. फांदीबरोबर वाढती फळेही जातात. मुळांचेही तसेच आहे. बेलाचे मूळ दशमुळांपैकी एक असल्याने त्याला मागणी आहे. मुळासाठी झाड खणले की पान, फळ आणि सावली ही तिन्ही एकाच वेळी संपतात.

जुन्या लोकांना याची जाणीव असावी, असे परंपरेतील काही संकेतांवरून वाटते. सोमवारी, अष्टमीला, चतुर्दशीला व अमावास्येला बेल तोडू नये, असा संकेत आहे. पूजेसाठी पाने आदल्या दिवशी आणून ठेवावीत, असे सांगितले जाते. बेलपान शिळे होत नाही आणि एकदा वाहिलेले पान धुऊन पुन्हा वाहता येते, अशीही मान्यता आहे. या संकेतांचा हेतू कोणताही असो, ते पाळले तर झाडावरील भार निश्चितच हलका होतो. थोड्या पानांतही पूजा पूर्ण होते, असेच त्यांतून सूचित होते.

श्रावणात जी फांदी झाडावर राहते, तिच्यावरचे फळ पुढच्या वैशाखात तहानलेल्याच्या हाती पडते. दिल्लीच्या रस्त्यावरील सरबताचा पेला आणि देवळातील बेलपान यांचा असा जवळचा संबंध आहे. पान बेताने घेतले, मूळ राखले आणि फळ वाया जाऊ दिले नाही, तर हे एकच झाड देवाच्याही कामी येते आणि माणसाच्याही.