हिरवळ व गृहोद्यान (नासिक परिसर)

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत राखलेली गवताची हिरवळ व तिच्या कडेची फुलझाडे यांची निगा ऋतुमानाप्रमाणे बदलावी लागते. मोगल काळात गुलशनाबाद म्हणून ओळखले जाणारे नासिक सु. ६०० मी. उंचीवर असून येथील हिवाळा कोकणापेक्षा कडक असतो. पाऊस सह्याद्रीपासून पूर्वेकडे झपाट्याने घटतो. त्यामुळे इगतपुरीच्या बागेचे पाण्याचे वेळापत्रक निफाडला लागू पडत नाही.

हिरवळीसाठी मुख्यतः हरळी (दूर्वा, लॅ. सायनोडॉन डॅक्टिलॉन) वापरतात. तिला भरपूर ऊन लागते. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होते व खत देऊनही सुधारत नाही. लावण जून-जुलैमध्ये करतात. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून जमिनीला हलका उतार देणे, निचऱ्यासाठी खाली मुरूम घालणे इ. कामे लावणीपूर्वीच उरकावी लागतात. लव्हाळ्याच्या गाठीही तेव्हाच खणून काढाव्यात. नुसती पाती उपटल्यास तो पुन्हा फुटतो.

पावसाळ्यात कापणी वारंवार करावी लागते. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. या काळात १०० चौ. मी. क्षेत्रास सु. १ किग्रॅ. यूरिया, पाती कोरडी असताना, सारखा पसरून लगेच पाणी देतात. थंडीत हरळीची वाढ मंदावते व ती पिवळसर दिसते. हा रोग नव्हे. अशा वेळी खताचा मारा करणे व्यर्थ होय.

गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात. द्राक्षबागांतही याच महिन्यात फळछाटणी चालते, त्यामुळे कात्र्यांना धार लावून देणाऱ्यांना तेव्हा उसंत नसते. रोगट व वाळलेल्या फांद्या मुळाशी काढून उरलेल्या बाहेरच्या दिशेच्या डोळ्यावर, किंचित तिरक्या छाटतात आणि कापास बोर्डो मलम लावतात. एरवी फांदी कापाकडून काळी पडून वाळत जाते. कलमाच्या जोडाखालून येणारे जंगली धुमारे तत्काळ काढले नाहीत, तर मूळ जात मागे पडते. छाटणीनंतर सु. सहा-सात आठवड्यांनी फुले येतात. थंडीतील भुरीवर गंधक उपयुक्त असते, मात्र कडक उन्हात त्याने पाने करपतात.

मोगऱ्याचे पाणी डिसेंबरमध्ये तोडतात. जानेवारीच्या सुमारास छाटून, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केले म्हणजे उन्हाळ्यात बहर येतो.

उन्हाळ्यातील खरा प्रश्न पाण्याचा. हिरवळीस आठवड्याला २५ मिमी. पाणी द्यावयाचे, तर १०० चौ. मी. साठी २,५०० लि. लागते. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पहाटे खोलवर भिजविणे बरे. गवत थोडे उंच ठेवावे. टंचाईच्या वर्षी मात्र हिरवळीचे पाणी तोडून ते गुलाब व कोवळ्या झाडांना, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरून, देणे अधिक योग्य ठरते. स्थिरावलेली हरळी वरून वाळली, तरी तिची जमिनीतील खोडे सहसा जिवंत राहतात आणि पावसाच्या सरींनंतर त्यांना पुन्हा कोंब येतात. वाळलेला गुलाब फुटेलच असे नाही.