नर्सबाई विलायतेला निघते तेव्हा

“मुलीने नर्सिंग केले आहे, तिला आता लंडनला जाता येईल का हो?” हा प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत विचारला जाई. आता तो अकोल्यात मोर्णा ओलांडून जुने शहरात, असदगडाच्या आसपासच्या घरांतही विचारला जातो. ज्या घरात ‘नर्स’ हा शब्द काढताच आजीच्या कपाळाला आठी पडे, त्याच घरात आज नात लेडी हार्डिंगमध्ये ड्यूटीला जाते याचे कौतुक होते. (जिल्हा स्त्री रुग्णालय हे नाव पाटीवर, अकोलेकरांच्या तोंडी अजून लेडी हार्डिंगच.)

प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु या ‘होय’पर्यंत पोहोचताना परीक्षेत पहिली येणारी मुलगीसुद्धा एखाद्या साध्या कागदावर अडून बसू शकते.

समजा, राजराजेश्वराच्या देवळाजवळ राहणारी अशी एक मुलगी आहे. तिने कोणता अभ्यासक्रम केला, हे आधी पाहावे. दोन वर्षांचा ए.एन.एम. खेड्यातल्या उपकेंद्रावर मोलाचा; पण इंग्लंड-अमेरिकेत त्यावर नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही. तिथे तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग लागते. बारावीनंतर फॉर्म भरतानाच आईबापांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

आता कागद. बी.एस्सी.वाल्या मुलीचे कॉलेज अकोल्यात, परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, आणि नाव नोंदणारी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल मुंबईत. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, दाखल्यांची फाईल छातीशी धरून गेले की झाले. परदेशात तसे चालत नाही. विलायतेच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला मुंबईच्या कौन्सिलकडून, मुलीच्या हातात न पडता, परस्पर कळवावे लागते की ही बाई आमच्याकडे नोंदलेली आहे व तिच्याविरुद्ध तक्रार नाही. अमेरिकेसाठी १९७७ साली स्थापन झालेली सी.जी.एफ.एन.एस. ही संस्था तर कॉलेजकडूनही परस्पर कागद मागते. मूळ दाखले प्रेमाने लॅमिनेट करून ठेवण्याची आपल्याकडे हौस आहे. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अ‍ॅपोस्टील लावायची वेळ आली की तेच प्लॅस्टिक आडवे येते! शिवाय कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. लग्न, बाळंतपण यांच्या धांदलीत ती मुदत निघून गेली, तर पुढची सारी गाडी तिथेच उभी राहते.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. गोड विधी आहे, करवल्यांची थट्टामस्करी चालते. परंतु बघा, त्या ताटात मुलीचे पहिले नाव बदलते, मधले वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि आडनाव तर बदलतेच. म्हणजे दहावीचे गुणपत्रक एकीचे, पासपोर्ट दुसरीचा! त्यात आपल्या गुणपत्रकावर बहुधा आडनाव आधी येते. सातासमुद्रापलीकडच्या कारकुनाला आपली रीत कशी ठाऊक असणार? त्याने या दोन निरनिराळ्या बायका समजल्या तर त्याला दोष देता येत नाही.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचे नाव राहू शकते. माझे स्पष्ट मत असे की, परदेशी जाण्याचा विचार असेल तर ताटातले नाव घरात हाक मारण्यापुरते ठेवावे. बदलायचेच असेल, तर विवाह-नोंदणीचा दाखला काढावा, सरकारी राजपत्रात नाव छापून घ्यावे आणि कौन्सिलच्या दप्तरातही तोच बदल करून घ्यावा. हे सगळे परस्पर-पत्र मागवण्याच्या आधी. सासूबाईंना हे समजावणे आय.ई.एल.टी.एस.पेक्षा कठीण जाईल, हे कबूल आहे.

ही आय.ई.एल.टी.एस. म्हणजे इंग्रजीची परीक्षा. विलायतेसाठी वाचणे, ऐकणे व बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात. जर्मनीला इंग्रजीचा उपयोग नाही. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी साधारणपणे बी-टू पातळीचे जर्मन यावे लागते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. अमेरिकेची एन.सी.एल.ई.एक्स. परीक्षा भारतात देता येते खरी, पण व्हिसाच्या रांगेत २०२५ साली भारतीयांच्या २०१३ मधल्या अर्जांचा नंबर लागत होता. घाई असणाऱ्यांनी तिकडे पाहू नये.

पैशाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. विलायतेच्या भरतीच्या नियमांप्रमाणे एजंटाने उमेदवाराकडून नोकरीबद्दल एक पैसाही घ्यायचा नाही. आपल्या कायद्यानेही नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये व त्यावरील कर, एवढीच मर्यादा घातली आहे. २०१५ साली कोचीत कुवेतच्या नर्सभरतीचे प्रकरण सी.बी.आय.ने उघडकीस आणले. १९,५०० रुपयांच्या जागी साडेएकोणीस लाख उकळल्याचा तो आरोप होता. त्याच्या आदल्या वर्षी इराकच्या तिक्रित शहरात लढाईत सापडलेल्या ४६ भारतीय परिचारिका सुखरूप मायदेशी आल्या. घरचे कर्ज फिटले नाही, म्हणून जीव धोक्यात असतानाही परतायला कचरणाऱ्या मुली त्यांत होत्या. पुढे २०१५ मध्ये आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना सरकारी परवानगी सक्तीची झाली. तेव्हा शेत गहाण टाकून कोणा ‘ओळखीच्या माणसा’च्या हाती रक्कम देण्याआधी त्याचा परवाना क्रमांक विचारावा. तो रागावला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

विलायतेची लेखी परीक्षा संगणकावर असते, ती इथेच देता येते. दुसरी, ‘ऑस्की’ नावाची, तिकडे जाऊन द्यावी लागते. तिची फी २०२४ साली ७९४ पौंड होती, आणि पुष्कळ रुग्णालये ती स्वतः भरतात. दहा ठिकाणे मांडलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी करून दाखवायचे असते. आपल्या मुलींचे हात इंजेक्शन देण्यात तरबेज असतात. एका वॉर्डात मावत नाहीत एवढे रुग्ण सांभाळायची त्यांना सवय असते. पण तिथे परीक्षक पाहतो ते निराळेच: हात धुतले का, आपले नाव सांगितले का, मनगटावरची पट्टी वाचून रुग्ण तोच आहे याची खात्री केली का, अंगाला हात लावण्याआधी त्याची संमती विचारली का. आपल्याकडे रुग्णाला जेवू घालणे, पुसून काढणे हे बरेचसे खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाकडे जाते. तिथे नातेवाईक भेटीच्या वेळी फुले घेऊन येतो आणि निघून जातो. बाकीचे वॉर्डातल्या माणसांनीच करायचे.

ही परीक्षा पास होऊन नोंदणीचा ‘पिन’ मिळेपर्यंत ती परिचारिका म्हणून सही करू शकत नाही. तोवर ती त्याच रुग्णालयात मदतनीसाच्या जागी राबते, आणि पगारही बहुधा खालच्या श्रेणीचा असतो. तेव्हा घरच्यांनी पहिल्या काही महिन्यांत तिच्याकडून मनीऑर्डरीची अपेक्षा न धरता, उलट तिच्या घरभाड्यापुरते पैसे बरोबर द्यावेत.