रेषेलगत धावणारा कोल्हापूरकर

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते हे गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख 1896 मध्ये इथेच जन्मले. भातकापणी उरकली की इथल्या मोकळ्या खाचरांत पोरं क्रिकेट आणि कबड्डीचे डाव मांडतात. धावण्याचा दम आहे, पण फुटबॉलची वाट दाखवणारं कुणी नाही.

कोल्हापुरात ती वाट घराच्या दारातूनच सुरू होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. त्याच शहरात 2000 साली एका रिक्षाचालकाच्या घरी अनिकेत जाधव जन्मला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला घडवलं. 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो यजमानांच्या आघाडीत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या इंडियन अ‍ॅरोज संघाने आय-लीगच्या त्या हंगामातला आपला पहिला सामना चेन्नई सिटीविरुद्ध 3-0 असा जिंकला. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

अनिकेत खेळतो त्या विंगरचं काम सांगायला सोपं. साइडलाइन धरून सुटायचं, बॅकला चकवायचं आणि क्रॉस टाकायचा. पण मधल्या फळीकडून चेंडूच आला नाही, तर अर्धा सामना नुसतं ताटकळायचं. या जागेवरच्या एका भारतीयाने स्कॉटलंडही पाहिलंय. 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळला, पायात बूट न घालता, नुसत्या पट्ट्या बांधून! घरच्या ओढीने तो लवकरच परतला.

अनिकेतचा आलेखही सरळ नाही. 2018 मध्ये स्पेनमध्ये भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं, त्याच सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं आणि उरलेल्या दहा जणांनी किल्ला लढवला. पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला गेला. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाचा. तिथे करार झाला नाही. मग जमशेदपूर, पुढे हैदराबाद. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याला हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, तेव्हा अनिकेत विजेत्या संघाचा खेळाडू होता. त्याच महिन्यात त्याने भारताच्या वरिष्ठ संघाची जर्सी चढवली.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची ठरली ती प्रबोधिनीतली निवड. पोर लहान असताना कुणीतरी त्याचा वेग हेरला, राहण्या-खाण्याची सोय केली आणि रोजचा सराव दिला. रिक्षाच्या कमाईत हे बसलं नसतं. हीच दारं नाते गावच्या पोरांनाही उघडी आहेत, पण निवड चाचण्यांची खबर गावापर्यंत पोचत नाही. म्हणून महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती, की जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे चाचण्यांच्या तारखा आत्ताच विचारा आणि पळणाऱ्या पोराला, पोरीलाही, तिथवर घेऊन जा.