खाडीची संतती, समुद्राचे प्लवक

सुंदरबनातील तिवरांच्या चिखलात ओहोटीच्या वेळी असंख्य लहान खेकडे बिळांबाहेर येतात. यांच्या नराची एक नांगी फारच मोठी असते व ती तो एकसारखी हलवीत असतो. मादी अंडी पोटाखाली बाळगते. हा प्राणी जन्मभर चिखलातच राहत असावा, असे कोणासही वाटेल. परंतु त्याचे बालपण तेथे जात नाही.

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांच्या समुदायास प्लवक म्हणतात. त्यांपैकी बहुतेक कोपेपोड आजन्म प्लवकातच राहतात, तर खेकड्याचे डिंभ केवळ बालपणापुरते त्यात सामील होतात. अंड्यातून निघालेला डिंभ, म्हणजे झोइया, जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. मोठे डोळे व अंगावरील काटे यांमुळे तो खेकड्याहून इतका वेगळा दिसतो की, पूर्वी त्यास स्वतंत्र प्राणी मानीत. आयर्लंडमध्ये कॉर्क येथे असलेले लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी १८२८ मध्ये, झोइया ही कवचधर प्राण्यांचीच बाल्यावस्था आहे, असे प्रसिद्ध केले.

मादी बहुधा रात्री, भरती पूर्ण होण्याच्या सुमारास, डिंभ पाण्यात सोडते. मग ओहोटी त्यांस अंधारातच समुद्राकडे नेते. त्यामुळे उथळ पाण्यातील लहान मासे टळतात व डिंभांस आवश्यक तो खारेपणाही मिळतो. पुढे काही आठवडे ते सूक्ष्म जीव खाऊन, वारंवार कात टाकून वाढतात. शेवटी झोइयाचा मेगालोपा होतो. तो भरतीच्या वेळी वर येऊन प्रवाहाबरोबर आत जातो व ओहोटीच्या वेळी तळाशी राहतो. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने तो खाडीत परततो.

हजारो डिंभांतून थोडेच परततात. उरलेल्यांपैकी अनेक मासे, जेलीफिश व बाणकृमी यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. मात्र ही हानी निष्फळ नव्हे. खेकडा चिखलातील सूक्ष्म शैवाल व कुजलेला पालापाचोळा यांवर जगतो. त्याच अन्नाचा अंश डिंभांच्या रूपाने किनाऱ्याजवळील माशांपर्यंत पोहोचतो.

बंगालीत बागदा म्हणतात त्या पट्टेरी कोळंबीचा प्रवास याच्या उलट असतो. तिची अंडी समुद्रात उबतात व पिले खाडीत येतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संवर्धनाच्या तळ्यांसाठी ही पिले सुंदरबनात बारीक जाळ्यांनी मोठ्या प्रमाणावर पकडली जात. बागदा तेवढी वेचून जाळ्यातील इतर डिंभ व माशांची पिले बहुधा काठावर टाकून देत. त्यांत समुद्राकडे निघालेली व समुद्रातून परतणारी, अशी दोन्ही संतती मरत असे.

तिवरे तोडली किंवा खाडी बुजविली, तर चिखलातील खेकडे नष्ट होतात. त्यांच्याबरोबर दूरच्या पाण्यातील माशांच्या अन्नातील एक वाटाही नाहीसा होतो. म्हणून किनाऱ्याच्या मासेमारीची काळजी वाहणाऱ्याने खाडीच्या चिखलाचीही काळजी वाहिली पाहिजे.